फक्कीच्या रेषेवरची चांगुणामावशी

चांगुणामावशीबद्दल चांगलं लिहायचं, तर आधी तिच्यावरचा माझा राग लिहून संपवला पाहिजे. आणि तो काही संपत नाही. ती आता पेणला येत नाही. तरी रविवारी सकाळी पिशवी घेऊन मी खाली उतरलो की मला आधी वैताग येतो आणि मग तिची आठवण येते. बायकोला हे सांगितलं तर ती म्हणाली, "तुमचा सगळ्याच बाबतीत उलटा क्रम आहे."

आमच्या सोसायटीच्या मोकळ्या प्लॉटवर बाजार आला तेव्हापासूनची ही गोष्ट. त्याआधी गडब, कासू आणि आसपासच्या गावांतल्या बायका आमच्या वळणावर रस्त्याच्या कडेला भाजी घेऊन बसायच्या. पुढे रस्ता रुंद करायचं निघालं, गटाराचं खोदकाम आलं आणि त्यांना उठायला सांगितलं गेलं. आमच्याकडे एक प्लॉट पडून होता. नकाशात त्यावर 'बालोद्यान' असं लिहिलेलं होतं, प्रत्यक्षात गाजरगवत होतं आणि एक मोडकी घसरगुंडी. सभेत ठरलं की बायकांना दर रविवारी तिथे बसू द्यायचं, जूनच्या सर्वसाधारण सभेपर्यंत बघायचं आणि त्रास झाला तर बंद करायचं. "पण बघणार कोण?" असा प्रश्न निघाला, नेमका तेव्हा माझ्या मानेवर डास बसला होता. मी हात वर केला. टाळ्या झाल्या.

मी रोह्याला एका कंपनीत स्टोअर सांभाळतो. प्रत्येक वस्तूला रॅक, प्रत्येक रॅकला नंबर, हे माझं पंचवीस वर्षांचं शास्त्र. ते मी बाजाराला लावलं. शाळेच्या मैदानावर आखतात ती पांढरी फक्की आणली, दोरी धरली आणि गाजरगवत उपटलेल्या जमिनीवर चोवीस चौकोन आखले. आखून झाल्यावर मी गच्चीवर जाऊन ते वरून पाहिले, हे कबूल करतो. फोटोही काढला. मग चिठ्ठ्या टाकल्या. चांगुणामावशीला चार नंबर आला.

पहिल्या रविवारी गडबहून येणाऱ्या पहिल्या मिनीडोअर रिक्षातून ती उतरली. मिनीडोअरमध्ये ती कायम ड्रायव्हरच्या शेजारी बसायची. मागे बसलं की रस्ता उलटा दिसतो, म्हणायची. बुटकी, काटक, गुडघ्यापर्यंत कसलेलं लुगडं, चष्म्याला एका बाजूला काडी आणि दुसऱ्या बाजूला दोरा. तिने माझे चौकोन पाहिले. चार नंबरमध्ये उभी राहिली. वर पाहिलं, इमारतीकडे पाहिलं आणि बाहेर येऊन चार नि पाचच्या मधल्या रेषेवर गोणपाट अंथरून बसली.

मी तिला समजावलं की मावशी, रेषेवर बसायचं नसतं, रेषेच्या आत बसायचं असतं.

"मास्तर," ती म्हणाली, "नऊ वाजता या चारमदी ऊन येतं. उनाला तुझं नंबर कलतात काय?"

मी मास्तर नाही, कंपनीत स्टोअरला आहे, असं मी सांगितलं. स्टोअर म्हणजे काय ते तिने विचारून घेतलं आणि म्हणाली, "म्हंजे दुकानच ना. मग दुकानदारासारका वाग." तरी मास्तर म्हणायचं काही सोडलं नाही.

नऊ वाजता ऊन आलं. तिने गोणपाट हातभर ओढलं. तिने ओढलं म्हणून शेजारणीने ओढलं. इमारतीची सावली जसजशी मागे सरकली तसतसा सगळा बाजार बसल्या बसल्या सरकत गेला आणि साडेदहाला चोवीस चौकोन रिकामे, चोवीस बायका आमच्या पार्किंगच्या तोंडाशी, आणि आमचे चेअरमन बोरसेसाहेब गाडीचा हॉर्न वाजवत दुधी भोपळ्यांच्या मागे. मी दर शनिवारी संध्याकाळी फक्की मारायचो. दर रविवारी लुगड्याचे काठ पांढरे होऊन गडबला जायचे.

बोरसेसाहेब मूळचे धुळ्याकडचे, निवृत्तीनंतर मुलाने इथे घेतलेल्या फ्लॅटमध्ये राहायला आलेले. माणूस वाईट नाही, पण त्यांच्याकडे एक वही होती. बाजाराबद्दलच्या तक्रारी ते तारीख टाकून त्या वहीत लिहीत आणि बहुतेक तारखांपुढे 'चार नंबर' असं असे.

कारण ती नुसती रेषेवर बसत नव्हती, गिऱ्हाइकांची उलटतपासणी घ्यायची. कोण रांधणार, घरात माणसं किती, दुपारी खाणार की रात्री. सी विंगमधलं नवं जोडपं एकदा माठाच्या दोन जुड्या मागायला लागलं. घरात माणसं किती, तर दोघं. दोघांना दोन जुड्या कशाला, उद्या फेकून द्याल, असं म्हणून तिने एक जुडी सोडली आणि अर्धी त्यांच्या हातात दिली. ती मुलगी पुन्हा तिच्याकडे आली नाही. मी मावशीला म्हटलं, अहो, गिऱ्हाईक जास्त मागत असताना कमी देणारी जगात तुम्ही एकटीच असाल. ती म्हणाली, जगाचं तू बघ.

आमच्या घरावरही तिची नजर होती. एकदा बायकोने सलग तीन रविवार नुसते कांदे-बटाटे घेतले, तर हिने भर बाजारात विचारलं, "काय गो, मास्तराशी भांडलीस काय? निवडायची भाजी नेत नाय ती." भांडण खरंच झालं होतं. पण ते आम्ही माझ्या सख्ख्या बहिणीपासून लपवलं होतं.

मग मी वजनकाटा आणला. बाजार नव्या जागी आलाय तर नव्या रीतीने चालावा, म्हणून स्वतःच्या पैशाने, लाल आकडे दिसतात तो. बाकीच्या बायकांनी कुतूहलाने हाताळला. चांगुणामावशीने त्यावर पानाची चंची ठेवली, कारण जमीन ओली होती. ती विकायची वाट्यांवर. गोणपाटावर तोंडल्यांचे, वालाच्या शेंगांचे, भेंडीचे लहान लहान ढीग. एक ढीग म्हणजे एक वाटा. मी चिडून तिच्याकडून भेंडीचे तीन वाटे घेतले, घरी नेऊन वजन केलं आणि तिन्ही वेगवेगळे भरले हे पाहून मला अत्यानंद झाला. पुराव्यासकट खाली गेलो.

तिने तिन्ही पिशव्यांत हात घातला. हा लहान वाटा कोवळ्या भेंडीचा, म्हणाली, यातलं काही टाकावं लागत नाही. हा मोठा जून भेंडीचा, यातली निम्मी देठं जातील. "वाटा म्हंजे वजन नाय रे. एका घराची एका वक्ताची भाजी. कापून टोपात पडली का सगळे वाटे सारके." मी घरी येऊन तिन्ही वाटे चिरून पुन्हा वजन केलं. निकाल काय लागला ते मी कोणाला सांगितलेलं नाही, इथेही सांगणार नाही. काटा आता बायको बेसनाच्या लाडवांसाठी वापरते.

असे तीन महिने गेले. जूनची सभा आठवड्यावर आली. ती सभा म्हणजे बाजाराचा निकाल होता: इथून उठवलं तर बायकांना बसायला दुसरी जागा नव्हती, थेट हायवेच्या कडेला, धावत्या ट्रकांच्या धुळीत बसावं लागलं असतं. मी बोरसेसाहेबांशी गोड बोलत होतो, मावशीला रेषेच्या आत ढकलत होतो आणि सगळं कसं नीट जमवत आणलं होतं. आणि नेमकी सभेआधीच्या रविवारी शेवळं आली.

शेवळं म्हणजे पावसाच्या तोंडाशी डोंगरात उगवणारे कोंब, लांबट, जांभळट. आमच्या भागात त्यांच्यासाठी माणसं वर्षभर थांबतात. पण ती भाजी खाजरी. आतला पिवळा भाग काढून टाकावा लागतो आणि शिजवताना काकडाची हिरवी आंबट फळं वाटून घालावी लागतात, नाहीतर घशाला अशी खाज सुटते की माणूस जीभ बाहेर काढून बसतो. म्हणून इथली कोणतीही भाजीवाली शेवळांच्या जुडीबरोबर काकडं दिल्याशिवाय राहत नाही. हे इथलं शेंबडं पोरही जाणतं. मी पेणमध्ये जन्मलो, हे या ठिकाणी मुद्दाम सांगतो.

त्या दिवशी मावशीची एक टोपली मिनीडोअरच्या टपावरच राहून गेली. ती नाक्यावर ड्रायव्हरला गाठायला निघाली आणि समोर मी होतो. "मास्तर, जरा बस. शेवळं कोनाला देऊ नको, मी येते."

मी बसलो. गोणपाटावर मांडी घालून, चार आणि पाचच्या रेषेवर. आणि खरं सांगायचं तर मला मजा वाटली. एक चांगले कपडे केलेला तरुण आला, म्हणाला, सगळे ही भाजी घेतायत, आम्हीही बघतो. गिऱ्हाइकाशी कसं वागावं याचं उदाहरण घालून द्यायची संधी चालून आली होती. मी त्याला एकही प्रश्न विचारला नाही. कोण रांधणार विचारलं नाही, माणसं किती विचारलं नाही. हसून दोन जुड्या दिल्या, पिशवीत घालून दिल्या, "पुन्हा या" म्हणालो. काकडांचा ढीग माझ्या डाव्या गुडघ्याला लागून होता.

मावशी परत आली तेव्हा दुपार झाली होती. तिने जुड्या पाहिल्या, काकडांचा ढीग पाहिला.

"कोनाला दिलीस?"

मी म्हटलं, असाच एक मुलगा होता, या इमारतीतला असेल.

"काकडं?"

मी डाव्या गुडघ्याकडे पाहिलं. ती ओरडेल असं वाटलं होतं. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने ओच्यात काकडं भरली आणि इमारतीत शिरली. लिफ्ट तिला माहीत नव्हती. गुडघे दुखत असताना ए विंगचे चार मजले चढली, उतरली, मग बी विंगचे, मग सी. प्रत्येक दाराची बेल दाबून विचारत होती, शेवळं नेलीत काय, शेवळं नेलीत काय. दुपारची झोप मोडल्याने लोक वैतागले. वॉचमनने तिला दोनदा बाहेर काढलं. मी तिच्या मागे मागे, "मावशी, राहू द्या, कोणीतरी सांगेल त्यांना" म्हणत. बी विंगच्या तिसऱ्या मजल्यावर एका दाराची बेल वाजलीच नाही. बोरसेसाहेब दुपारी बेल बंद ठेवतात.

तो तरुण बोरसेसाहेबांचा जावई होता. नाशिकहून पहिल्यांदाच सासरी राहायला आलेला. त्याने हौसेने भाजी आणली, सासूबाईंनी हौसेने केली, त्यांच्याकडच्या पद्धतीने, तिखट घालून. सोमवारी सकाळी जावई गळ्याला मफलर गुंडाळून नाशिकला परत गेला. जून महिन्यात.

पुढच्या शनिवारी संध्याकाळी पार्किंगमध्ये सभा भरली. मावशीला कोणी बोलावलं नव्हतं, तरी ती आली आणि एका स्कूटरला टेकून खाली बसली. बोरसेसाहेबांनी वही उघडली. हॉर्न, पार्किंग, फक्कीची धूळ, दुपारी घरोघर बेल वाजवणं, असं करत करत ते शेवटच्या पानावर आले. त्या भाजीने बसलेला त्यांचा आवाज अजून सुटला नव्हता. भाजी चार नंबरजवळच्या टोपलीतून घेतली हे जावयाने सांगितलेलं होतं, टोपलीमागे कोण बसलं होतं ते त्याने सांगितलं नव्हतं. किंवा त्याने सांगितलं असेल आणि 'तो म्हातारा भाजीवाला' कोण हे यांना उमगलं नसेल. आपण विषारी भाजी विकणारा बाजार दारात ठेवायचा का, असा त्यांनी सभेला सवाल केला. सगळे माझ्याकडे बघायला लागले. बाजार बघणारा मीच होतो.

मी उभा राहिलो. घसा साफ केला. 'सदर प्रकरणी' असे दोन शब्द बोललो.

"मी दिली," खालून आवाज आला. मावशी स्कूटरचं हँडल धरून उठत होती. "काकडं द्यायची इसरले. माझी चूक हाय. मला उठवा, बाकीच्या बायांना बसू द्या. पन साहेब, मला काय बोलायचं ते बोला, शेवळाला इख बोलू नका."

सभेला सुटल्यासारखं झालं. बाजार राहील, चार नंबर जाईल. सगळ्यांना पटेल असा तोडगा आपल्या पायांनी चालत आला होता. चहा आला. मी उभाच होतो. चहा पिईपर्यंत मी उभा होतो आणि गप्प होतो, आणि तो चहा मला अजून आठवतो, साखर जास्त होती. कप खाली ठेवल्यावर मी म्हणालो की ती भाजी मावशीने दिली नाही, मी दिली. तिने नको म्हणून सांगितलं होतं, तरी दिली.

कोणाचा विश्वास बसला नाही. बोरसेसाहेब उठून माझ्याजवळ आले, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि बसक्या आवाजात म्हणाले, एका गरीब बाईसाठी स्वतःवर आळ घेणारी माणसं आता राहिली नाहीत. मी पुन्हा सांगितलं. ज्यांनी ऐकलं त्यांचे डोळे आणखी पाणावले. त्या सभेचा वृत्तांत आजही वहीत आहे: ठराव एक, चार नंबरच्या विक्रेतीस प्लॉटवर बसण्यास मनाई, ठराव दोन, माझ्या सहृदयतेबद्दल अभिनंदन. एकमताने. आयुष्यात एकदाच सभेत खरं बोललो, तर सत्कार झाला.

गेटबाहेर मी मावशीला गाठलं. मी चिडलो होतो. म्हटलं, माझ्यासाठी कशाला खोटं बोललात?

"तुज्यासाठी?" ती खरोखरच चकित झाली. "तुला कोन विचारतो रे. टोपली कोनाची? माझी. टोपलीवर तुला बसवला कोनी? मी. मग चूक कोनाची?"

मी म्हटलं, पण तुमची जागा गेली.

"जागा कसली. तू आखलेली ना ती." आणि मिनीडोअरमध्ये ड्रायव्हरच्या शेजारी चढून बसली.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, ती आली ती सरळ बी विंगच्या तिसऱ्या मजल्यावर. हातात शेवळं, काकडं आणि पुडीत थोडे सोडे, म्हणजे सुकवलेली कोलंबी. सकाळ असल्याने बेल चालू होती. बोरसेवहिनींनी दार उघडलं आणि त्यांच्यात काय बोलणं झालं ते मला माहीत नाही. पण तासाभराने बोरसेसाहेबांचा मला फोन आला की ती बाई आमच्या स्वयंपाकघरात आहे, तुम्ही ताबडतोब या. मी गेलो तेव्हा भाजी झाली होती. मावशी ओट्याजवळ जमिनीवर बसली होती. तिने ताटलीत भाजी घेतली, दोघांना दिसेल अशी धरली आणि म्हणाली, "आधी मी खाते." खाल्ली. मग तशीच बसून राहिली, आणि आम्ही तिघं तिच्या गळ्याकडे बघत उभे राहिलो. बऱ्याच वेळाने वहिनींनी एक घास घेतला. मग साहेबांनी घेतला. मग साहेबांनी भाकरी मागितली.

ठराव काही बदलला नाही. तो रद्द करायला सर्वसाधारण सभा लागते आणि ती वर्षातून एकदा. वहीवर बोरसेसाहेबांची फार निष्ठा. त्यामुळे त्या रविवारपासून मावशी गेटच्या बाहेर, जांभळाच्या झाडाखाली बसायला लागली. तिथे दिवसभर सावली. दुसऱ्या रविवारी तिची शेजारीण बाहेर आली, मग आणखी दोघी, आणि श्रावण येईपर्यंत नऊ वाजले की सगळा बाजार उठून गेटबाहेर जायचा. बोरसेसाहेबांना गाडी काढायला पार्किंग मोकळं मिळालं. त्यांनी ते माझ्या नियोजनाचं यश म्हणून वहीत लिहिलं. ते स्वतः पिशवी घेऊन जांभळाखाली जायचे. तिथे त्यांना विचारलं जायचं, आज रांधणार कोण.

मी अजूनही शनिवारी चौकोन आखतो. चार नंबर रिकामा असतो. नवीन बिऱ्हाडकरूंना वाटतं तो मी तिच्या आठवणीसाठी मोकळा ठेवलाय. तसं काही नाही. नऊ वाजता तिथे ऊन येतं.

शेवटची दिसली ती पुढच्या वर्षीच्या शेवळांच्या दिवसांत. गुडघ्यांनी दावा मांडला होता. टोपली आता सून भरायची आणि ड्रायव्हर उतरवून द्यायचा. त्या रविवारी साडेदहाच्या सुमाराला ती जांभळाच्या बुंध्याला धरून उठली. समोर मी होतो. मी नेहमीच समोर असतो.

"मास्तर, जरा बस. मी येते."

मी म्हटलं, मावशी, आज नको. शेवळं आहेत.

"दिसतात मला," ती म्हणाली आणि चालायला लागली.

मी बसलो. नाक्याकडे जाताना ती दोनदा थांबली. मला वाटलं पाणी प्यायला जातेय. मग पाहिलं तर ती मिनीडोअरमध्ये ड्रायव्हरच्या शेजारी बसत होती. मी हाक मारली. गाडी सुरू झाली. बाहेर एक हात आला. निरोपाचा नव्हता तो, तर्जनी उगारून ती खालीवर हलवत होती, आणि ते बोट नेमकं माझ्या डाव्या गुडघ्याजवळच्या काकडांच्या ढिगाकडे होतं. गाडी गडबच्या रस्त्याला वळली. पुढच्या रविवारी सून आली. मावशी आता ओटीवर बसून असते, म्हणाली, आणि टोपली भरताना सगळ्यांना वैताग आणते.

मी मात्र त्या दिवशी एक वाजेपर्यंत तिच्या गोणपाटावर. बायकोचा फोन आला की भाजी आणायला गेला होतात, विकायला नाही. शेवटच्या तीन जुड्या राहिल्या होत्या. एक चांगले कपडे केलेली मुलगी आली, म्हणाली, काका, सगळ्या द्या.

"घरात माणसं किती?" मी विचारलं.

ती म्हणाली, दोघं.

मी एक जुडी तिच्या हातात ठेवली, वर काकडं मोजून टाकली आणि रांधणार कोण ते विचारलं. ती माझ्याकडे अशी बघत निघून गेली, की तिचा वैताग मला चांगलाच ओळखीचा वाटला.